कार्ड नको, दवाखाना द्या!

निवडणूक जवळ आली की राज्यकर्त्यांना गरिबांच्या आजारपणाची आठवण होते. वस्तीत मांडव पडतो, भोंगा वाजतो, रांगा लागतात, अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि प्रत्येकाच्या हाती एक कार्ड पडते. या कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार फुकट, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. टाळ्या वाजतात. त्याच वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सरकारी दवाखान्यात मात्र डॉक्टर असला तर औषध नसते आणि औषध असले तर ते देणारा नसतो. बाया-माणसे केसपेपर काढून सकाळपासून बाकावर बसलेली असतात आणि दुपारी चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जातात. तेथे हे कार्ड चालत नाही. मग आम्ही विचारतो, हे कार्ड नेमके कोणासाठी आहे? आजारी माणसासाठी की इस्पितळाच्या मालकासाठी?

महाराष्ट्रात कार्डाचे हे राजकारण नवे नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर नेली गेली. २०१७ साली तिला राष्ट्रपिता जोतीराव फुले यांचे नाव दिले. २०१८ साली केंद्राने आयुष्मान भारत योजना आणली. २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने दीड लाखाचे संरक्षण ५ लाखांवर नेले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय केला. सरकारे बदलली, पक्ष बदलले, योजनेचे नाव बदलले. दिशा मात्र एकच राहिली. सरकारने दवाखाना चालवायचा नाही, सरकारने फक्त बिल भरायचे! यालाच आज आरोग्य सुधारणा म्हणतात.

ज्यांचे नाव या योजनेला दिले, त्या फुले कुटुंबाने काय केले होते? १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. माणसे घरे सोडून पळत होती. तेव्हा क्रांतीज्योती सावित्रीमाईंनी आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला. माईंनी रोग्यांची स्वतः सेवा केली, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. फुले कुटुंबाने चिठ्ठ्या वाटल्या नाहीत, दवाखाना उघडला. हा फरक ज्यांना कळत नाही, किंवा कळूनही कळून घ्यायचा नाही, त्यांनी जोतीरावांचे नाव कार्डावर छापले म्हणून आमच्या समाजाने भुलून जावे काय?

आता बाबासाहेबांकडे येऊ. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. हे पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, फी कबूल केली, तेव्हा तो आला. तोही या अटीवर की बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याकडे दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात ते पाहून न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही. ती बाई मेली.

आज थर्मामीटर असे हातोहात फिरत नाही, हे खरे. पण त्या गोष्टीतले अंतर गेले काय? सरकार स्वतः वस्तीत येत नाही, मधल्या माणसाच्या हातून कार्ड पाठवते. तेव्हा मधला माणूस गावचा एक रहिवासी होता. आज मध्ये विमा कंपनी आहे, मध्यस्थ संस्था आहे, शहरातले पंचतारांकित रुग्णालय आहे. आजारी बाईला तेव्हा वस्तीबाहेर यावे लागले. आजही तिला तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून नागपूर, पुणे, मुंबईला यावे लागते. स्पर्श टाळण्याची रीत तेवढी आधुनिक झाली!

बाबासाहेबांनी आरोग्याचा प्रश्न दयेचा कधीच मानला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनेच उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे सुधारणा विधेयक १९४३ साली त्यांनीच मांडले. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्यासाठी प्रा. अडारकर यांची नेमणूक त्यांच्याच कारकिर्दीत झाली, आणि त्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. लक्षात घ्या, हा विमा आणि आजचे कार्ड एक नव्हे. त्या कायद्यात मालकाने पैसे भरायचे, कामगाराने भरायचे आणि त्यातून कामगारांचे स्वतःचे दवाखाने, स्वतःची रुग्णालये उभी करायची. तो हक्क होता. आजारपणाच्या काळात बुडालेल्या मजुरीचाही त्यात विचार होता. आजच्या कार्डात बुडालेल्या मजुरीचा एक पैसा नाही.

त्याच काळात, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूळ तत्त्व. १० ते २० हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय असावे, असे दूरचे उद्दिष्ट भोर समितीने ठेवले होते. पाऊणशे वर्षांनंतर आज काय आहे? सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचा स्वतःचा निकष आहे आणि त्या केंद्रात खाटा सहा. गुलाम देशाने पाहिलेले स्वप्न स्वतंत्र देशाने एवढे लहान का केले, याचा जाब कोण देणार?

संविधानाच्या कलम ४७ ने लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, याचा राज्यकर्त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रेल्वेतून पडून जखमी झालेला एक शेतमजूर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या सरकारी रुग्णालयात फिरवला गेला होता आणि अनेक ठिकाणी खाट नाही असे सांगितले गेले होते. पैशाची अडचण हे सरकारचे निमित्त चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. निकाल आला, पण त्याने खाटा वाढल्या नाहीत. खाटा वाढवण्यासाठी अंदाजपत्रक लागते आणि अंदाजपत्रकासाठी सत्ता लागते.

१९९१ नंतर देशात खाउजा धोरण आले. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तीन तोंडांच्या राक्षसाने सरकारी कारखाने गिळले, सरकारी शाळा गिळल्या, ते आमच्या समाजाच्या लक्षात आले. कारण तेथे आमची आरक्षणाची नोकरी होती. दवाखाना गिळला जात होता तेव्हा मात्र फारसा गलका झाला नाही. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर सरकारी रुग्णालयांत शुल्क आकारण्याची रीत रुजली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या मोठ्या रुग्णालयांकडे गरीब शेवटी धाव घेतो, ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयातून बाहेर राहिली.

पैसा नाही, असे सरकार म्हणते. २००२ च्या आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेऊ म्हटले. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हटले. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१९-२० साली हा खर्च १.३५ टक्के होता आणि कोविडचा तडाखा बसल्यावर २०२१-२२ साली १.८४ टक्के झाला. म्हणजे महामारी येऊनही २००२ चा शब्द पाळला गेला नाही. त्याच २०२१-२२ साली देशातल्या एकूण आरोग्य खर्चातील ३९.४ टक्के पैसा लोकांनी थेट आपल्या खिशातून भरला. हा खिसा कोणाचा? शेतमजुराचा, बांधकाम मजुराचा, घरकाम करणाऱ्या बाईचा. शेळी विकून, दागिना गहाण ठेवून, बचत गटाचे कर्ज काढून हा पैसा येतो.

कार्डाने हा खिसा वाचतो काय? कार्डाचा फायदा कोणालाच झाला नाही, असे आम्ही म्हणत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सरचा उपचार कार्डावर झालेली माणसे आमच्याही वस्तीत आहेत आणि त्यांचे प्राण वाचले याचा आम्हाला आनंद आहे. पण कार्ड चालते ते मुख्यतः भरती झाल्यावर, आणि तेही ठरलेल्या आजारांच्या ठरलेल्या पॅकेजवर. गरिबाचा खिसा कापला जातो तो रोजच्या औषधांनी. साखर, रक्तदाब, दमा, लेकराचा ताप, बाईच्या अंगात रक्त नसणे, यासाठी कोणी भरती होत नाही. यासाठी जवळचा दवाखाना लागतो आणि महिनाभराच्या गोळ्या लागतात.

सिकलसेलचेच उदाहरण घ्या. विदर्भात आदिवासींबरोबरच आमच्या बौद्ध समाजातही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. या आजारात रोजची गोळी लागते, वेळेवर रक्ताची पिशवी लागते, लग्नाआधी तपासणी लागते, अंग दुखायला लागले की दुखणे ओळखणारा डॉक्टर जवळ लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिचा भर आदिवासी भागावर आहे. तो असलाच पाहिजे. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या वस्त्यांतल्या आमच्या लेकरांचे काय? या लेकरांना ५ लाखांच्या कार्डापेक्षा रोज उघडणारा दवाखाना जास्त उपयोगी आहे, हे समजायला अर्थशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेने २०१८ च्या अहवालात सांगितले की भारतात दलित स्त्रीच्या मृत्यूचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षे! जातीने आमच्या आया-बहिणींच्या आयुष्यातून ही वर्षे चोरली. ही चोरी एका दिवसात, एका ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही. ती पाण्याच्या हंड्यातून, उपाशी पोटातून, घाणीच्या कामातून आणि बंद दवाखान्यातून रोज थोडी थोडी होते.

आता नांदेडकडे पाहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ माणसे मेली, त्यातली १२ नवजात बालके होती. दोन दिवसांत आकडा ३१ वर गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले होते. औषधे, रिकामी पदे, गर्दी यांची चर्चा झाली. सरकारने तुटवडा नाकारला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण नांदेडमध्ये त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार रुग्णालयात आला आणि त्याने प्रभारी अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन घाण शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शौचालय घाण होते, तर सफाई कामगारांची पदे किती मंजूर आणि किती भरलेली, हा प्रश्न मंत्र्याला विचारायचा होता. तसे झाले नाही. शौचालय साफ करणे ही शिक्षा ठरली. ज्या समाजाच्या वाट्याला हे काम हजारो वर्षे जन्मानेच आले, त्याला रोज ही शिक्षाच दिली जात आहे, अशी कबुली त्या खासदाराने नकळत देऊन टाकली. आणि शिक्षा द्यायला हाताशी सापडला तो आदिवासी डॉक्टर! मनुवाद वेगळा कुठे शोधायचा?

आज सरकारी रुग्णालयांतील सफाई, सुरक्षा, स्वयंपाक, कपडे धुणे, वाहन चालवणे ही कामे वेगाने ठेकेदाराकडे जात आहेत. वॉर्डबॉय, आया, लॅबचा तंत्रज्ञ, नर्सदेखील कंत्राटी होत आहेत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर बिंदुनामावली नसते. म्हणजे एकाच दगडात दोन पक्षी मारले जातात. गरिबाचा दवाखाना कमजोर होतो आणि आमचे आरक्षणही संपते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी मनुष्यबळ भरायचे ठरले होते. तरुण रस्त्यावर आले, ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. संघटित आवाजापुढे सरकार वाकते, हे यातून सिद्ध झाले. आणि आशाताई? २००५ पासून गावोगाव आरोग्याची ही सारी इमारत त्यांच्या डोक्यावर उभी आहे, पण त्या कर्मचारी नाहीत. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला!

नीती आयोगाने २०२० साली जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याची योजना राज्यांकडे पाठवली. तिच्यात खाटांची दोन भागांत वाटणी आहे. काही खाटा सरकारी दराच्या, काही बाजारभावाच्या. सरकारची जमीन, सरकारची इमारत आणि त्यात बाजारभावाची खाट! एकाच रुग्णालयात दोन पाणवठे निर्माण करण्याचा हा प्रकार आहे. महाडच्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाला या वाटणीचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

खाजगीवाले म्हणतील, सरकारला दवाखाना चालवता येत नाही. कोविडच्या काळात काय दिसले? गरीब रुग्णांचा लोंढा घेतला तो केईएम, सायन, नायर, ससून, घाटी, मेयो आणि मेडिकल या सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांनीच. आणि मे २०२० मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. अंमलबजावणीत अनेक पळवाटा राहिल्या, पण सरकारने मनावर घेतले तर खाजगी रुग्णालयाला नियम लावता येतो, एवढे तरी दिसले. तामिळनाडूने १९९४ साली सरकारी औषध खरेदीचे महामंडळ काढले. घाऊक खरेदी, औषधांची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आणि प्रत्येक दवाखान्याला त्याच्या वाट्याचे पासबुक. पेरियारांच्या भूमीत ६९ टक्के आरक्षण आहे. आरक्षणाने गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यांनी तेथील सरकारी रुग्णालये एकदा पाहून यावीत.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या वेळी पैसे न मागता उपचार करा, एवढे म्हणताच खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले, दवाखाने बंद पडले आणि सरकारला तडजोड करून लहान खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवण्याचे मान्य करावे लागले. यातून धडा हा की हक्काचा कायदा केवळ विधिमंडळात टिकत नाही. डॉक्टरांची संघटना रस्त्यावर होती, रुग्णांची संघटना कुठे होती? रुग्णांची अशी संघटना उभी करण्याचे काम आंबेडकरी चळवळीशिवाय दुसरे कोण करणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महाराष्ट्रात आरोग्य हक्काचा कायदा झाला पाहिजे. सरकारी रुग्णालयांतील सर्व पदे कायमस्वरूपी आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरली पाहिजेत, सफाई कामगारापासून अधिष्ठात्यापर्यंत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभराची औषधे मोफत मिळाली पाहिजेत. सिकलसेलचा उपचार जातीचा दाखला न पाहता प्रत्येक तालुक्यात मिळाला पाहिजे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत, ही उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना कागदावरून खाटेवर आली पाहिजे.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, औषधांचा साठा किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जाऊन बसा. मिळालेले आकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फलकावर लिहा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आमचे डॉक्टर दिवसभर उभे राहून भीमसैनिकांवर मोफत उपचार करतात. यातले कितीतरी जण सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकलेले आणि आरक्षणातून घडलेले आहेत. दवाखाना आणि कॉलेज दोन्ही विकले गेले तर उद्याचे डॉक्टर कुठून येणार?

मत मागायला जो येईल त्याला कार्ड किती वाटली हे विचारू नका. आमच्या दवाखान्यात डॉक्टर कधी येणार, तेवढेच विचारा. आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्याला वस्तीतून हलू देऊ नका.

जयभीम!